उरण नाक्याच्या पुढची रेघ

१ डिसेंबर १९९४, गुरुवार

ही डायरी मागच्या वर्षाची आहे. कचेरीतून ह्यांच्या नावाने आली तेव्हा ह्यांना जाऊन महिना होऊन गेला होता. शिपाई दारातूनच देऊन गेला. कोरीच पडून होती. छापलेला वार एका दिवसाने मागे पडतो, तो खोडून मी खरा लिहिते आहे.

लिहायला घेतलं कारण दुपारी शेजारच्या वसुंधराबाई भाचीला घेऊन आल्या. दारातूनच म्हणाल्या, "कुमुद, ही माझी भाची रुचिरा. तुझी सायकल मागायला आली आहे. देऊ नकोस, डोक्याने जरा इकडची तिकडे आहे."

मुलगी मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. तिला परीक्षेसाठी चित्र काढायचं आहे, पण कागदावर नाही, पनवेलच्या रस्त्यांवर. सायकलच्या मागे भोक पाडलेला डबा बांधायचा, त्यात कबड्डीच्या मैदानावर मारतात ती पांढरी फक्की भरायची, आणि प्रत्येकाने आपल्या रोजच्या रस्त्याने जायचं. मागे रेघ उमटत जाईल. रविवारी अठरा तारखेला सकाळी, नगरपालिकेची परवानगी काढून.

"काकू, रिक्षा आणि स्कूटरवाल्यांना वाटतं रस्ता त्यांचाच आहे," ती म्हणाली. "सायकलवाले किती आहेत आणि कुठून कुठे जातात ते एकदा दिसू दे ना. चित्र मी नाही काढणार, गाव काढणार."

"मग तू काय करणार?"

"गच्चीवरून फोटो."

"काम गावाचं, मार्क हिला," वसुंधराबाई म्हणाल्या.

जिन्याखालच्या सायकलीवरची चादर काढली. दोन वर्षांची धूळ होती. मुलीने सगळीकडून हात फिरवला आणि पुढच्या दांडीवरच्या छोट्या सीटपाशी थांबली. "इथे कोण बसायचं?"

मी म्हटलं, "त्यावर ते पिशवी टेकवायचे."

खोटं नाही ते. नंतर पिशवीच टेकवायचे. ती सीट काढून टाका असं मी कितीदा सांगितलं, पण ह्यांना अशा कामांचा कंटाळा.

४ डिसेंबर, रविवार

सायकल काळूरामच्या दुकानात नेली. ओवे गावचा माणूस आहे, टपाल नाक्यावर वीस वर्षं पंक्चर काढतो. ह्यांची सायकल दुसऱ्या कोणाच्या हातात गेली नाही. टायर सोडवून त्याने आतून एक पांढरी कपची काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"कालवाची शिंप हाय. भाऊंच्या टायरात कायम हीच मिलायची. गावात कुनाच्या टायरात खिले, भाऊंच्या टायरात शिंपा!" आणि एकटाच हसत बसला.

मी म्हटलं, कचेरीसमोर भराव घातला होता, त्यात शिंपा असतील. काळूराम पंप मारायला लागला.

सायकल तोच चालवणार आहे, रुचिराने तसं ठरवलंय. ज्याची सायकल तो माणूस नसेल, तर त्याला ओळखणाऱ्याने चालवायची. मला चालवता येत नाही, आणि येत असती तरी विधवा बाई सायकलवर बसलेली पनवेलने अजून पाहिलेली नाही.

येताना वाचनालयात पुस्तक बदलायला गेले, तर बंद. रविवारी बंदच असतं, मी दरवेळी विसरते. हे दर रविवारी सकाळी नऊला वाचनालयात पेपर वाचायला जायचे ते बाराला यायचे. तेव्हा रविवारी उघडं ठेवत असतील. आल्याबरोबर पुन्हा आंघोळ करायचे, उन्हातून आलो म्हणून. पावसाळ्यातसुद्धा.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुस्तकं वाचायला लागले ती ह्यांच्यामुळे. आठवड्याला दोन, कॅरिअरला लावून आणायचे. आता स्वतः जाते. कपाटासमोर उभं राहून निवडायला पहिल्यांदा तासभर लागला होता.

९ डिसेंबर, शुक्रवार

रुचिराने सगळ्यांना एक कार्ड भरायला दिलंय. मी असं भरलं:

सायकल कोणाची: कै. कृष्णकांत कर्णिक.
रोजचा रस्ता: घर, तहसील कचेरी, वाचनालय, घर.
किती जण बसत: एक.

तिने वाचलं आणि विचारलं, "काका कसे होते?" मी तिला मासे सोडल्याचं सांगितलं. मी ते सगळ्यांनाच सांगते.

आम्ही मासे खाणारी माणसं. आमच्यात लग्नाच्या याद्या करतानासुद्धा कोळंबीचा विषय निघतो. आमची मुलगी सहा वर्षांची होऊन विषमज्वराने गेली, त्याला पंधरा वर्षं झाली. तिचं नाव मी लिहीत नाही. घरात कोणी घ्यायचं नाही असं तेव्हा मीच सांगितलं होतं, कारण ऐकलं की माझा श्वास अडकायचा. तेराव्याला सासूबाई म्हणाल्या, पोरीच्या आवडीचं काहीतरी सोडा. लोक अशा वेळी भोपळा सोडतात, पडवळ सोडतात, जे नाहीतरी नकोच असतं. मी म्हटलं, आम्ही दोघं मासे सोडतो. ह्यांच्या हातावर मीच पळीने पाणी घातलं. त्यांनी ते ताम्हनात सोडलं. काही बोलले नाहीत.

पुढे जगले ती तेरा वर्षं एक तुकडा तोंडात घातला नाही. कुठल्या लग्नात, कोणाच्या आग्रहाने, कधी नाही. कुमुदच्या नवऱ्यासारखा नवरा बघा, असं माझ्या जावा त्यांच्या नवऱ्यांना सुनवायच्या.

मुलीने सगळं नीट ऐकलं. मग म्हणाली, "तुम्ही त्यांना विचारलं होतं?"

आजकालच्या मुलींना काय सांगायचं.

१४ डिसेंबर, बुधवार

काळूराम दुकानाबाहेर भेटला. म्हणाला, "वयनी, कार्डावर रस्ता लिवलाय तेवढाच मारू का?"

"मग आणखी कुठला?"

"नाय, इचारलं," म्हणाला. आणि मग, "खोटी रेघ मारवत नाय मला."

त्याच्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. लावून घेतला नाही असंही असेल.

१८ डिसेंबर, रविवार

आज मी जे केलं ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या मनातल्या मनात त्याला चांगलं रूप देईन.

सकाळी आठला सायकली निघाल्या. साठ-सत्तर तरी असतील. दूधवाले, पाववाले, शाळेचे मास्तर, दोन नर्सबाई. मी आणि वसुंधराबाई उरण नाक्याच्या कोपऱ्यावर उभ्या होतो. रेघा एकमेकींवरून जायला लागल्या, बाजारपेठेचा रस्ता पांढराफेक झाला. रिक्षावाले कडेला उभे राहून बघत होते. मला फार छान वाटलं. ह्यांची सायकल कचेरीकडून आली, वाचनालयाला वळसा घालून परतली. काळूरामने डोक्याला स्वच्छ टॉवेल बांधला होता. मी मान डोलावली.

तो घराकडे वळला नाही. माझ्याकडे न बघता नाक्यावरून सरळ खाली, कोळीवाड्याकडे निघाला.

मागून कोणीतरी म्हणालं, "अहो, कर्णिक भाऊसाहेब निघाले कुठे?"

"गुणाबाईकडे! रविवार ना आज," दुसरा म्हणाला. आणि पाच-सहा जण हसले. वाईट हसू नव्हतं ते, जुनी आठवण निघाल्यावर हसतात तसं. आता लिहिताना कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की गावाला ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

वसुंधराबाईंनी माझा दंड धरला. मी सोडवून घेतला. फुलवाल्याच्या पायरीशी खराटा होता, तो उचलला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन ह्यांची रेघ झाडायला लागले. फक्की डोळ्यांत जात होती. सगळ्या सायकली थांबल्या.

समोरून गुणाबाई आली. मी तिला फक्त मासळी बाजारात लांबून पाहिलेली, तीही पंधरा वर्षांपूर्वी. म्हातारी झाली आहे. नवं लुगडं नेसली होती. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "बाय, झाडू नुको. भाऊंची हाय ती."

मी म्हणाले, "तुझ्या भाऊंची असेल, माझ्या नवऱ्याची नाही. आमच्या घरात मासे सोडलेत. कोळणीच्या पडवीत बसणाऱ्यातले ते नव्हते."

मोठ्याने म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं.

तिने मला वाट दिली. कडेला सरकली, पदर खांद्यावर ओढून घेतला, आणि मी झाडत होते ते बघत राहिली.

२० डिसेंबर, मंगळवार

बाहेर गेले नाही. वसुंधराबाईंनी आमटी आणून ठेवली. कधी नव्हे ते टोमणा न मारता पातेलं झाकून गेल्या.

दोन दिवस एकच हिशोब करते आहे. तेरा वर्षांचे रविवार. त्यांनी मला फसवलं, हे एकदा नीट मनात बसलं की राग येईल आणि मोकळं वाटेल, असं वाटलं होतं. राग येतो, टिकत नाही. मध्येच तिचा पदर ओढून घेणारा हात दिसतो.

२२ डिसेंबर, गुरुवार

रुचिरा फोटो घेऊन आली. वरून पनवेल ओळखू येत नाही. काळ्या रस्त्यांवर पांढऱ्या रेघांचं जाळं. बाजारपेठेत जाड, तळ्यापाशी बारीक. उरण नाक्याच्या पुढे एक रेघ जाते, तिथे वीसेक पावलांचा धुरकट डाग आहे, आणि डागाच्या पलीकडे तीच रेघ पुन्हा सुरू होऊन खाडीकडे गेली आहे. मला वाटलं होतं सगळी पुसली. डागात एक ठिपका आहे. त्याला चेहरा नाही, फक्त खराटा दिसतो.

"काकू, मला तर हाच भाग सगळ्यात आवडला," ती म्हणाली. "तुम्ही पुसलंत, तेही चित्रातच आलं."

तिने चांगल्या मनाने म्हटलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. एक तारखेला हा फोटो मोठा करून वाचनालयाच्या दालनात लावणार आहेत.

संध्याकाळी काळूरामकडे गेले. त्याने सायकल दुकानाच्या आत लावली होती. माझ्याकडे बघितलं नाही.

मी विचारलं, "तू असं का केलंस?"

"भाऊ जायचे तिथं सायकल नेली. दुसरं काय केलं?" चाकाची तार पिळत राहिला. मग म्हणाला, "ती म्हातारी पहाटं उठून अंगन सारवून बसली हुती. दारात रांगोली घेऊन. भाऊंची सायकल येनार म्हून मीच सांगितलं हुतं तिला. येवढी खूश झाली हुती. मंग नाक्यावर बघाया आली, तर तुमी तिला काय बोललात."

मी उभीच राहिले.

"घरी जावा वयनी," तो म्हणाला. "फक्कीचा डबा हाय अजून. अर्धा भरलेला हाय."

मी काही न विचारताच त्याने ते सांगितलं.

२५ डिसेंबर, रविवार

हाताला फक्की आहे, पानावर उमटते आहे.

सकाळी नऊला काळूरामच्या दुकानातून सायकल घेतली. त्याने डबा मागे बांधून दिला, "येऊ का?" विचारलं. मी नको म्हटलं. घरापासून न निघता नाक्यापासूनच निघाले, मी जिथून झाडलं होतं तिथून.

हँडल धरून चालणं सोपं असेल असं वाटलं होतं. सायकल माझ्या अंगावर कलत होती, पॅडल पोटरीला लागत होतं. शिवाय मला रस्त्याच्या मधून चालायची सवय नाही. जन्मभर कडेकडेने चालले. मागून रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. आज परवानगी नव्हती, कोणी रस्ता अडवून धरला नव्हता. एक रिक्षावाला शेजारून जाताना ओरडला, "आजी, पावडर सांडते!"

"सांडू दे," मी म्हटलं. "सांडायचीच आहे."

फुलवाला उठून उभा राहिला. लोक बघत होते. मागच्या रविवारी बघत होते तेच बहुतेक. मान वर करायचा धीर झाला नाही. छोटी सीट माझ्या हाताशी होती, तिच्याकडे बघत चालले. रेक्झिन फाटलं होतं तिथे ह्यांनी नवा तुकडा लावून बारीक टाके घातले होते. पिशवी टेकवायला कोण सीट शिवतं?

गुणाबाईचं घर शेवटचं, खाडीला लागून. अंगणात जवळ्याची बारीक कोळंबी वाळत होती. दहा-बारा पावलं राहिली आणि फक्की संपली. डबा हलवून पाहिला. पुढे जाववेना, परत फिरवेना. तशीच उभी राहिले.

ती पडवीत जाळं घेऊन बसली होती. उठली, आत गेली. मला वाटलं दार लावून घेणार. ती रांगोळीची वाटी घेऊन आली. माझ्या सायकलीच्या मागच्या चाकापाशी वाकली आणि तिथून चिमटीने रेघ ओढत ओढत उंबऱ्यापर्यंत नेली. वाकून चालताना एक हात कमरेवर होता. मग म्हणाली, "सायकल हितं लावा. भाऊ हितंच लावायचे."

पडवीच्या खांबाशी स्टँडच्या दोन खळग्या पडल्या आहेत. दोन वर्षांत बुजल्या नाहीत.

माफी मागायची म्हणून वाक्य पाठ करून गेले होते. ते न येता भलतंच तोंडातून आलं. "खायचे का ते?"

"खायचे," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू बाय? भात नि कालवन. पन पयले पयले नाय. पोरीला दांडीवर बसवून ऐतवारी मासली घ्याया यायचे ना, ते तुमाला म्हायतीच हाय. पोर गेल्यावर दोन महिने आले नाय. मंग एकटेच आले. म्हनले, गुणाबाय, घ्यायचं काय नाय, जरा बसतो. वरीसभर नुसते बसून जायचे. मंग एक दिस मीच ताट ठेवलं पुढं."

मी पडवीच्या कडेला बसले.

"शेपटीचा तुकडा तेवढा कधी खाल्ला नाय. ताटाच्या कडंला काढून ठेवायचे. आमी कधी इचारलं नाय. वेनूचा तो, आमाला ठावं हुतं."

पंधरा वर्षांनी ते नाव माझ्या कानावर आलं, तेही दुसऱ्याच्या तोंडून, खाडीच्या वाऱ्यात, कोणी सहज घ्यावं तसं. शेपटीसाठी ती बापाशी भांडायची. मग बाप हरायचा. मला हे सगळं ठाऊक होतं. मी ते कुठे ठेवून दिलं होतं?

"तिच्याबद्दल बोलायचे?" मी विचारलं.

"मंग काय! दुसरं काय बोलायचेच नाय. कधी म्हनायचे, वेनू आता सातवीत असती. वेनूला आता सायकल घेऊन द्याया लागली असती. शेवटल्या वरसाला म्हनले, गुणाबाय, औंदा वेनूचं लगीन बघायला घेतलं असतं. मी म्हनलं, सासर जवलच बघा. दोघं बी हसलो." ती थांबली. जाळ्यातली एक गाठ उगाच सोडवली. "घरी तुमाला तरास हुतो म्हनायचे. म्हून हितं."

माझ्यावर कसलाच ठपका ठेवून बोलली नाही. ठेवला असता तर बरं झालं असतं.

उन्हं वर आल्यावर तिने माझ्यापुढे ताट ठेवलं. मी म्हटलं, मी खात नाही. तिने ऐकलं, ताट उचललं नाही. मीही परत सारलं नाही. निवेपर्यंत दोघी तशाच बसलो. शेपटीचा तुकडा कडेला होता.

निघताना तिने सायकलीचं हँडल धरून उतरणीपर्यंत सोबत केली. "फुडल्या ऐतवारी या," म्हणाली. मी बोलले होते त्याचा शब्दही तिने काढला नाही. आणि माझं पाठ केलेलं वाक्य तसंच परत आलं माझ्याबरोबर.

१ जानेवारी १९९५, रविवार

डायरीची पानं संपली. हे शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिते आहे.

सकाळी कोळीवाड्यात जाऊन आले. ते वाक्य आज म्हटलं. घाईघाईत, चप्पल घालता घालता, सगळं नीट झालं नाही. "झालं ना आता," गुणाबाई म्हणाली आणि मूठभर जवळा कागदात बांधून दिला. तो स्वयंपाकघरात खिडकीशी ठेवला आहे. वास येतो आहे. अजून काही ठरवलेलं नाही.

काळूरामने विचारलं, "वयनी, ती बारकी सीट काढू का? गंजलीय." मी म्हटलं, तेल घाल.

दुपारी वाचनालयाच्या दालनात गेले. आज खास उघडलं होतं. फोटो भिंतभर मोठा केला आहे, आणि खाली सगळ्यांची कार्डं टाचली आहेत. लोक आपापली रेघ बोटाने शोधत होते. माझ्या खराट्यापाशी येऊन दोघं-तिघं थांबले, मला पाहून पुढे गेले. मी तिथेच उभी राहिले. डाग माझा आहे, मी कुठे जाणार?

रुचिराला म्हटलं, माझं कार्ड दे, चुकलं आहे. तिने काढून दिलं. मी रोजच्या रस्त्यापुढे 'रविवारी कोळीवाडा' लिहिलं. मग खालची ओळ खोडली आणि नवी लिहिली. काना जरा वाकडा आला.

किती जण बसत: दोन. कृष्णकांत आणि वेणू.

रुचिराने वाचलं. कार्ड परत जागेवर टाचलं. संध्याकाळी घरी आली, जिन्याखालच्या सायकलीपाशी जरा रेंगाळली, वर येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "काकू, वेणू कशी होती?"

सांगता सांगता दोनदा चहा झाला.